शेजारच्या सीटचा ब्रेक

सगळं शहर त्याला ब्रेकमास्तर म्हणायचं. तोंडावर नाही, तोंडावर सगळे ‘सर’च म्हणत. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी शिकवणारा बसतो आणि त्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून या माणसानं उभी हयात काढली. त्याच्याकडे शिकून गेलेले लोक गिअर विसरले असतील, आरशात बघायचं तर हमखास विसरले असतील, पण त्याचं ‘हं’ कोणी विसरलं नसेल. ब्रेक दाबायच्या आधी तो एकदाच ‘हं’ करायचा. ओरडून नाही, वैतागून नाही, जेवताना कोणी काही सांगितलं की आपण करतो तसं. ‘हं’ ऐकू आलं की गाडी थांबायची आणि शिकणारा आपलं काय चुकलं ते शोधायला लागायचा.

त्याची बायकोही त्याच्याचकडे शिकली होती, लग्नाच्या आधी. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली ती त्याच्यामुळे. परीक्षक मागच्या सीटवर बसला होता. नियम असा की परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्यानं पाय आखडून बसायचं. एका वळणावर या गृहस्थानं सवयीनं ‘हं’ केलं आणि ब्रेक दाबून मोकळा झाला. परीक्षकानं कागदावर फुली मारली. दुसऱ्या दिवशी तो माफी मागायला तिच्या घरी गेला, चहा प्यायला, परत आला, परत गेला आणि पुढचं सगळं त्या माफीतून झालं. ती हे अजून चारचौघांत रंगवून सांगते, आणि तो दर वेळी म्हणतो, “वळण होतंच तसं.”

लग्नानंतर तिच्या हाती गाडी क्वचितच आली. ती पडदे शिवायची. खिडकीची मापं घ्यायची, कापड बेतायचं, अस्तर लावायचं, दांडीला चढवून द्यायचं. शहरातल्या निम्म्या खिडक्या तिच्या ओळखीच्या होत्या. घरात पैसा बेताचाच, पण भांडणंही बेताचीच. समुद्र घरापासून चालत जाण्याइतका जवळ. सूर्य त्या समुद्रात मावळायचा. लग्न नवं होतं तेव्हा एकदा वाळूत बसल्या बसल्या तो म्हणाला होता, “देशाच्या दुसऱ्या टोकाला पण समुद्र आहे. तिथं पाण्यातून सूर्य वर येतो म्हणे. एकदा गाडीनं जाऊ. इकडून तिकडे, सरळ.” ती म्हणाली होती, “जाऊ की.” मग मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण, मग छप्पर गळायला लागलं. दुसरा समुद्र कुठे पळून जात नाही, असं म्हणत म्हणत केस पांढरे झाले.

यंदा त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. दिसणं गेलं नाही, मधलं दिसणं गेलं. समोर बघितलं की मधोमध एक करडा डाग, आणि त्याच्या भोवती जग शाबूत. डॉक्टर म्हणाले, कडेचं अजून काही काळ दिसत राहील, मग तेही कमी कमी होत जाईल. स्कूलच्या मालकानं त्याला खुर्चीत बसवलं, गोड बोलला, हार घातला आणि स्कूलची एक जुनी गाडी निरोपाची भेट म्हणून जवळजवळ फुकटात दिली. ज्याला गाडी चालवता येणार नाही त्याला गाडी भेट! ती मनातल्या मनात मालकाला बरंच काही बोलली. मग गाडीभोवती एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, “चला, दुसरा समुद्र बघून येऊ.”

“मी काय बघणार?”

“जेवढं दिसेल तेवढं बघा. आता नाही गेलो तर तेवढंही दिसायचं नाही.” असं तोंडावर बोलायला तिला जड गेलं, पण बोलली.

तो कितीतरी दिवस नाहीच म्हणत होता. मग एके दिवशी दाढी करता करता, आरशाच्या कडेकडे बघत म्हणाला, “येतो. पण माझ्या सीटवर बसून येणार, आणि माझा ब्रेक माझ्या पायाखाली पाहिजे. ओझं म्हणून येणार नाही मी. मला नुसतं पोत्यासारखं घालून नेतेयस असं ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी गाडी परत फिरवायची. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली.

ती गाडी घेऊन गॅरेजला गेली. मेकॅनिकही सरांच्याच हाताखालचा. तो गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि फडक्याला हात पुसत राहिला. “वहिनी, राग मानू नका. ज्यांना समोरचं दिसत नाही त्यांच्या पायाखाली ब्रेक? आणि तो हायवेवर? सावली बघून दाबला आणि मागून ट्रक आला तर?”

हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं. रात्रभर ती तेच घोळवत होती. “त्यांच्या ब्रेकची वायर काढा,” ती म्हणाली. “पेडल राहू द्या.”

“सरांना सांगणार तुम्ही?”

“तुम्ही सांगू नका म्हणजे झालं.”

मेकॅनिकनं वायर काढली. वर स्वतःच्या मनानं पेडलखाली एक स्प्रिंग बसवली, म्हणजे दाबताना पायाला जोर लागावा. “सरांना फसवतोय मी,” तो म्हणाला, आणि पैसे घेईना.

म्हणजे आता ‘हं’ ऐकू आलं की ब्रेक तिनं दाबायचा होता. तोही त्याच क्षणी, त्याच्याच हातोटीनं. चुकलं की त्याला कळणार, आणि कळलं की गाडी परत फिरणार. दुसरा समुद्र मग कायमचा राहिला. तिनं ही जोखीम घेतली आणि घरी येऊन पडदे बेतायला बसली.

लॉजमध्ये राहायची ऐपत नव्हती, झोपायचं गाडीतच होतं. मागची सीट पाडून तिनं गादी घातली आणि गाडीच्या खिडक्यांना पडदे शिवले. वर्षानुवर्षांच्या कामातून उरलेले तुकडे होते. एक पिवळा, कुठल्याशा शाळेच्या हॉलचा. एक निळा, नवं लग्न झालेल्या जोडप्याच्या खोलीतला. एक लालसर, जाड, थिएटर बंद पडलं तेव्हा मालकानं पैशाऐवजी दिलेला. मागच्या काचेला हिरवा, त्यावर बारीक पानं. ती ते अडकवत असताना तो बाहेर उभा राहून म्हणाला, “गाडी आहे की दुकान?”

निघाले त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी, जिथं काहीही नव्हतं, तो म्हणाला, “हं.” तिनं ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली. तो मागे टेकून बसला आणि समाधानानं म्हणाला, “चल.” तिनं गिअर टाकला.

आणि मग देश सुरू झाला. तिला वाटलं होतं, गावं लागतील, शहरं लागतील, त्यांच्यामध्ये रस्ता असेल. प्रत्यक्षात उलटंच होतं. रस्ता हीच खरी जागा होती आणि गावं मध्ये कुठेतरी येऊन जायची, डुलकी लागता लागता कानावर पडलेल्या बोलण्यासारखी. मीठ वाळत घातलेली पांढरी पटांगणं आली. ओळीनं उभ्या पवनचक्क्या आल्या, एकच फिरणारी आणि बाकीच्या झोपलेल्या. एका गावात सगळी घरं निळी होती, का ते विचारायला रस्त्यात कोणीच भेटलं नाही. पेट्रोल पंपावर ते तोंड धुवायचे, झाडाखाली छोट्या स्टोव्हवर अंडी उकडायचे, ब्रेडबरोबर खायचे. दिवस कोणता हे दोघांनाही सांगता आलं नसतं, आणि कोणी विचारतही नव्हतं.

सकाळी जाग यायची ती रंगात. गाडीचं तोंड ज्या दिशेला असेल त्याप्रमाणे एके दिवशी सगळं पिवळं, एके दिवशी निळं. त्याच्या उघड्या हातावर हिरवी पानं पडलेली असायची. डोळे न उघडता तो विचारायचा, “आज कोण?” ती सांगायची, “आज थिएटर.” मग दोघं तसेच पडून राहायचे. इतकी वर्षं एका खोलीत राहिले, पण सकाळी असं पडून राहायला कधी जमलंच नव्हतं. तिला उगाचच वाटायचं, आपण अजून निघायचे आहोत, नुकतंच लग्न झालंय आणि हे सगळं पुढे घडणार आहे.

त्याच्या बघण्याची रीतही तिला हळूहळू कळली. त्याला झाड बघायचं असेल तर तो शेजारच्या खांबाकडे बघायचा, मग कडेनं झाड दिसायचं. तिचा चेहरा बघायचा असेल तर वायपरकडे. पहिल्यांदा तिला वाटलं, हा माझ्याशी बोलताना वायपरकडे काय बघतोय! पण सरळ बघणाऱ्याच्या नजरेतून निसटतं ते त्याला बरोबर दिसायचं. शेतातून हात हलवणारी पोर. एकदम उडालेला थवा. छपरावर बसून जेवणारा माणूस. “बघितलंस?” तो विचारायचा, आणि तिनं बघितलेलं नसायचं.

एका गावात लॉजवाल्या बाईच्या खिडकीचा पडदा उसवून लोंबत होता. तिला राहवलं नाही. पिशवीतली सुई काढून तिनं तो तिथल्या तिथं शिवून दिला, आणि बाईनं दोघांना गरम पाण्यानं आंघोळ करू दिली. बाहेर येऊन ओले केस पुसत तो म्हणाला, “तुझ्या पोटगीवर जगतोय मी.” ती हसली, पण तिला ते लागलं. ओझं, पोतं, पोटगी, या माणसाच्या डोक्यात तेच चाललेलं असतं.

‘हं’ मात्र चालू होतं. कधी खरंच समोर काही असायचं, बरेचदा नसायचं. ती दर वेळी दाबायची. तिच्या डाव्या कानाला आणि उजव्या पायाला जणू एकच शीर होती. एका लांबलचक पुलावर, खाली नदी समुद्राएवढी पसरलेली, अगदी मधोमध तो म्हणाला, “हं.” गाडी थांबली. मागच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

“होतं ना काहीतरी?” त्यानं विचारलं.

“हो. मांजर.”

“पुलावर मांजर?”

“आलं असेल कुठूनतरी. मी काय विचारत बसू त्याला?”

त्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे किंचित हलत होते. दचकला बिचारा, असं तिला वाटलं.

मग ते पठार आलं. रस्ता सरळ, दोन्हीकडे कमरेएवढं फिकट गवत, वारा आला की सगळं एका अंगावर निजायचं आणि पुन्हा उठायचं. पुढे काहीच नव्हतं, वळणही नव्हतं. तिचे डोळे उघडे होते पण ती कुठे होती कोण जाणे. मुलगी लहान असताना पडद्याच्या कापडात लपायची, ते तिला दिसत होतं. “हं,” तो म्हणाला. ते तिला ऐकू आलं, पण त्याचं काही करायचं असतं हे लक्षात यायला वेळ गेला. गाडी तशीच पुढे सरकत राहिली. त्याचा गुडघा वर आलेला तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिला, आणि मग दाबला. उशीर झाला होता.



“ढिला झालाय वाटतं,” तो म्हणाला.

“दाखवून घेऊ कुठेतरी,” ती म्हणाली. तिचे कान तापले होते.

त्यानंतर दिवसभर ‘हं’ आलं नाही. वळणं आली, मेंढ्या आल्या, एक रेल्वे फाटक आलं. तो हात मांडीवर ठेवून बसला होता आणि पाय पेडलपासून दूर, परीक्षेला ठेवतात तसा. झालं, कळलं याला. संध्याकाळी अंडी सोलताना तिला रडू कोसळलं आणि टरफलात मीठ पडलं की पाणी पडलं ते तिलाच कळेना. सांगून टाकावं का? सांगितलं तर तो म्हणणार, फिरव गाडी. शब्द दिला होता तिनं. आणि समुद्र आता एका दिवसावर राहिला होता. तिनं सोललेलं अंडं त्याच्या हातावर ठेवलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा पिवळा होता, पण “आज कोण?” असं कोणी विचारलं नाही.

पुढचा रस्ता डोंगरावरून खाली उतरत होता. दाट झाडी, तिच्यात धुकं. धुकं काचेला येऊन टेकत होतं आणि बाजूला होत होतं. ती जीव मुठीत धरून, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ठेवून उतरवत होती. झाडं निघून जात होती की आपण, तेही धड सांगता येत नव्हतं.

“हं.”

तिनं दाबला. बघितलं नाही, विचार केला नाही, पाय आपसूक गेला. गाडी थांबली आणि कडेच्या झाडीतून एक सायकल धुक्यासकट बाहेर आली. तिच्यावर एक बाई, मागे धुतलेल्या चादरींचं भलंमोठं गाठोडं. उतारावरून सुसाट येऊन ती त्यांच्या बॉनेटसमोरून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून गेली. बाई गात होती. तिला गाडी दिसलीच नाही. धुक्यात गाणं थोडा वेळ ऐकू येत राहिलं, मग तेही गेलं.

तिनं हँडब्रेक ओढला. ती सरळ बघत होती आणि तिला काहीच दिसलं नव्हतं. ते कडेनं आलं होतं, आणि त्यालाच दिसलं होतं.

“लागला ना?” त्यानं हळूच विचारलं.

“लागला,” ती म्हणाली.

दुसरा समुद्र लागला तेव्हा दिवस मावळला होता, नुसता आवाज येत होता. वाळूच्या अलीकडे गाडी लावून ते झोपले. पहाटे उठून तिनं पुढच्या काचेचा पडदा काढला. पाणी आणि आभाळ दोन्ही राखाडी, त्यांच्यामध्ये रेघ नाही. दोघं आपापल्या सीटवर बसले. आता पोचले होते. आता तो परत फिर म्हणाला तरी समुद्र बघितलेला असणार होता, आणि खोटं मनात ठेवून त्याच्या शेजारी बसून सूर्य बघायचा हे तिला जमणार नव्हतं.

“अहो,” ती म्हणाली. “मला एक सांगायचंय. तुम्ही रागवाल.”

“वायर काढल्याचं?”

तिनं त्याच्या पायाखालच्या पेडलकडे बघितलं.

“त्या गाढवानं स्प्रिंग लावलीय,” तो म्हणाला. “चांगली लावलीय. पण खऱ्या ब्रेकला पाय लावला ना, की चाकापासून एक थरथर वर येते. ती नव्हती. गल्लीच्या तोंडाशीच कळलं मला.”

“पहिल्याच दिवशी? मग परत फिरव का नाही म्हणालात?”

“म्हणणार होतो. तोंड उघडलं, आणि सवयीनं ‘हं’ निघालं. रस्त्यावर काहीसुद्धा नव्हतं. आणि गाडी थांबली.” त्यानं पेडल एकदा दाबून सोडलं. “म्हटलं, वायर नाही तरी लागतोय. बघू कुठवर लागतो.”

“म्हणजे तुम्ही मुद्दाम...” तिचा आवाज चढला. “पुलावर? तो ट्रकवाला काय काय बोलला मला!”

“पुलावरचं मुद्दाम. मांजरावर फार हसू आलं.”

“मी इथे जिवाचा कान करून गाडी चालवत होते! धड झोप नाही मला, धड जेवण नाही, आणि तुम्ही गंमत करत होता?” तिला खरोखर संताप आला होता. तिनं त्याच्या दंडावर एक फटका मारला, मग आणखी एक.

त्यानं मारून घेतलं. मग म्हणाला, “पठारावर लागला नाही, तेव्हा घाबरलो मी. वाटलं, दमली. कंटाळली आता. तिला कशाला त्रास, म्हणून पाय काढून बसलो. धुक्यात ‘हं’ केलं तेव्हा दाबशील की नाही, मला माहीत नव्हतं.” त्यानं दंड चोळला. “आयुष्यभर ब्रेक दाबला मी. पण तेव्हा तारेनं लागायचा तो. असा कधी लागला नव्हता.”

 तिनं त्याचा हात हातात घेतला. तेवढ्यात पाण्यावर एक रेघ उमटली, मग रेघ तापली आणि सूर्याची कड वर आली. खिडक्यांचे पडदे एकदम पेटल्यासारखे झाले. गाडीत पिवळं, निळं, लाल, हिरवं सगळं एकदम.

“अहो, तिकडे बघा ना,” ती म्हणाली, कारण तो तोंड वळवून थेट तिच्याकडे बघत होता. “समुद्र तिकडे आहे.”

“समुद्रच बघतोय. तुझ्याकडे बघितलं की तो दिसतो.”

“आणि मी?”

“तुला बघायचं तर त्याच्याकडे बघावं लागेल. थांब जरा, एकेक करून बघतो.”

सूर्य पूर्ण वर आला. मग तो समोर वळला, पाण्याकडे तोंड करून खूप वेळ तसाच बसला, आणि ती हलली नाही. गाडीचं इंजिन बंद होतं, हँडब्रेक ओढलेला होता, चाकं वाळूत रुतली होती.

“हं,” तो म्हणाला.

तिचा पाय ब्रेकवर गेला.